पंधरा इंचांची प्रगती

१८ नोव्हेंबर
हिच्या गुलाबाची कुंडी गॅलरीतून हॉलमध्ये आणली. ही गेल्याला आठ महिने झाले. तेव्हापासून कुंडी नुसतीच पडून होती. भावनेचा प्रश्न नाही. भर थंडीत घरात गुलाब फुलवणे हा शास्त्रीय प्रयोग आहे. मुदत १२ जानेवारी. तारीख सोयीची वाटली. हिचा वाढदिवसही त्याच दिवशी येतो.

१९ नोव्हेंबर
नर्सरीवाला म्हणाला, आधी छाटणी करा, मग रोज बारा तास उजेड द्या. उजेडाचं जमलं. हिच्या उशाशी असायचा तो टेबललॅम्प लावला. छाटणी उद्या. कात्री बोथट आहे.

२६ नोव्हेंबर
मेहुणी आली होती. म्हणाली, भावोजी, ताईला जन्मात कधी पाणी हवं का विचारलं नाहीत, आणि या कुंडीला दिवसातून तीनदा विचारता. मुद्दा गैरलागू. तरी उद्यापासून एकदाच घालणार.

२७ नोव्हेंबर
दोनदा घातलं.

९ डिसेंबर, सकाळी ७.१०
यश. बुडातून दोन फुटवे, चांगले जोमदार. साडेचार इंच. तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली आहेत, मोजण्यात चूक होत नाही. असे फुटवे दिसले की ही लगेच नखाने खुडून टाकायची. मी म्हणायचो, कोवळे आहेत, वाढू दे. ही म्हणायची, तुम्ही पेपर वाचा. आता कोण बरोबर ते दिसेलच.

१७ डिसेंबर
नऊ इंच. वरच्या जुन्या फांद्या काळ्या पडतायत. जुनं जायचंच. मुलीचा फोन. जेवलात का, विचारलं. नऊ इंच, म्हणालो. मग म्हणाली, मी येते. म्हटलं, बारा तारखेला ये, फूल बघायला.

३१ डिसेंबर
छाटणी रद्द. अशा वाढीला कात्री लावणं अडाणीपणाचं.

८ जानेवारी
पंधरा इंच. कळी नाही. फुलदाणी धुऊन ठेवली.

११ जानेवारी
नर्सरीवाल्याला घरी आणलं. खाली बसून बघत राहिला. म्हणाला, काका, हा गुलाब नव्हे. कलम ज्यावर बांधतात तो खालचा जंगली खुंट वाढलाय. सगळं खतपाणी त्यानेच खाल्लं, तुमचा गुलाब उपाशी राहिला. कलमावर फुटीचा एकच डोळा हिरवा आहे. फुटवे काढलेत तर वाचेल कदाचित. घरात हे कुणी खुडत नव्हतं का, असंही विचारलं. म्हणालो, खुडायची.

१२ जानेवारी
मुलगी आली. येताना नवी कात्री घेऊन आली. बोथट कात्रीचं मेहुणीने कळवलं असणार. दोन्ही फुटवे बुडापासून काढले. वेळ लागला. मुलीला म्हटलं, तुझ्या आईचं बरोबर होतं. तिने विचारलं, बाबा, हे आईला कधी बोललात का.
म्हणालो, तेव्हा पेपर वाचत होतो.
डोळा पाव इंचही नाही. पट्टी कुंडीजवळच ठेवली आहे.