काने ठोका

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेतून आवाज आला म्हणे. तो आमच्या हिने ऐकला, मी नाही. पत्राचा विषय तोच आहे.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे अजून बोलतात का? भावोजींच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार?

भावोजींचा पाय निघालाच आहे तर आधी तेच सांगून टाकतो. त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "हे जिन्यात पडले," आणि मला ऐकू आलं, "हे जिंकले." ते सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते हे मला माहीत होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. म्हणून मी म्हणालो, "वा वा! हे कधी ना कधी होणारच होतं, आम्ही सगळे वाटच बघत होतो." तू काहीतरी पुटपुटलीस. ते आभार असतील असं समजून मी वर असंही म्हणालो, की त्यांना म्हणावं, आता एवढ्यावर थांबू नका. मग तू फोन आपटलास (तो आवाज मात्र अगदी स्पष्ट आला). त्यानंतर तुझा फोन नाही, आणि मला करायची छाती नाही.

ताई, मला ऐकू येईनासं झालंय. आपणहून कुणाला सांगितलेलं नाही. हिला वाटतं मी दुर्लक्ष करतो, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ते कुणालाही खरंच वाटणार. देवापुढे बसतो तेव्हा तेवढी अडचण येत नाही. तिथे पहिल्यापासून तोच ऐकतो, मला काही ऐकू येत नाही, आणि आमचं बरं चाललंय. बाकीचं जग तेवढं समजूतदार नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. छापायच्या आधी चुका काढायच्या. समोर बसलेली वाचणारी मूळ प्रत मोठ्याने वाचते आणि मी छापील कागदावर लाल शाईने खुणा करतो. (आमच्या वाचणारीला सगळे तबकडी म्हणतात, कारण एकदा सुरू झाली की मध्ये थांबत नाही.) लोकांना वाटतं माझं पोट डोळ्यांवर चालतं, ते निम्मं कानांवर आहे. त्यातून काना हे माझं जुनं दुखणं. आपले गुरुजी आठवतात ना? शुद्धलेखनात अक्षराशेजारची ती उभी रेघ राहिली की म्हणायचे, "काना विसरलास? मग कान आण इकडे." माझा डावा कान उजव्याहून लांब आहे तो त्यामुळेच. तेव्हापासून काना नसलेला शब्द दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो.

तर आमच्याकडे गाण्याच्या बाईंचं कवितांचं पुस्तक छापायला आलं. (जन्मभर गाणं शिकवलं, आणि आता त्यांचे दोन्ही कान पार गेले.) शेवटची कविता अशी होती:

दार वाजते, वारा गातो,
आई मला हाक मारते.

दार वजते, वारा गतो,
आई मला हाक मरते.

दर वजते, वर गतो,
अई मल हक मरते.

पहिलं कडवं ठीक. पुढचं मात्र टाइप करणाऱ्याने शुद्धीवर राहून केलेलं दिसेना. मी लाल पेन उचललं तशी तबकडी उठून ओरडायला लागली. ती म्हणत होती, "काने नकोत!" मला ऐकू आलं, "काने ठोका!" मी ठोकले. एकही सोडला नाही. पुस्तक छापून आलं तेव्हा त्या पानावर एकच कडवं तीनदा होतं, अगदी निर्दोष.

बाई पुस्तक घेऊन छापखान्यात आल्या. मालक त्यांच्याशी ओरडून बोलत होते आणि माझ्याशी दात आवळून, हळू. त्यामुळे माझी खरडपट्टी सोडून मला सगळं ऐकू आलं. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना जमलं नाही ते तुम्ही केलंत हो. कवितेत तरी माझे कान बरे केलेत." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो, ते त्यांना कळलं. त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हालाही येत नाही ना ऐकू?" फक्त आपला आवाज केवढा लागतो हे बाईंना आता कळत नाही. त्यांचं ते हळूच विचारणं पार मागच्या यंत्रापर्यंत गेलं. सगळी माना वळवून माझ्याकडे बघायला लागली.

मालक एवढंच म्हणाले, "आधी शुद्धिपत्र करा, मग तुमचं बघू."

शुद्धिपत्र करायला बसलो. सगळं आयुष्य ज्याला शुद्ध म्हटलं ते अशुद्धच्या रकान्यात घालायचं! 'आई'च्या जागी 'अई' वाचावे. 'दार'च्या जागी 'दर' वाचावे. मग 'मारते'च्या जागी 'मरते' लिहिलं आणि हात थांबला. ओळ तोंडाने म्हणून पाहिली. आई मला हाक मारते. त्यातली एक उभी रेघ काढली की, आई मला हाक मरते. आई दारात उभी आहे, तिचे ओठ हलताहेत, आणि हाक माझ्यापर्यंत येता येता मध्येच मरते. कवितेत चूक नव्हती, ताई. मी रोज असंच ऐकतो, आणि मला ते वाचता आलं नाही.

आई गेल्यापासून तिची ती "धाकट्याऽऽ" अशी हाक तुझ्याच गळ्यात उरली आहे. गेल्या फोनवर ती मला अर्धीच आली. उरलेली कुठे मेली ते शोधत बसलोय. देवाकडे काही मागत नाही. (मागितलं आणि त्याने उत्तर दिलं तर पंचाईत.)

भावोजींना नमस्कार. अभिनंदन मागे घेतलंय, असं सांग.

तुझा
धाकटा

ता. क. – खरं काम राहिलंच. तुझ्या सासूबाईंचं कानातलं यंत्र तुझ्या कपाटात पडून असेल. (तू बोलायला लागलीस की त्या ते काढून ठेवायच्या, म्हणजे फारसं वापरलेलं नसणार.) ते लगेच पाठव. मालकांनी कान ठीक करायला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

ता. क. दुसरा – यंत्र येईपर्यंत थांबू नकोस, फोन कर. तू काय सांगतेस ते कळलं नाही तरी 'वा वा' म्हणणार नाही, एवढं वचन देतो.

ता. क. तिसरा – पत्र दोनदा तपासलंय. खालच्या ओळीत मात्र काने राहिलेत. ते ठोकू नकोस.

तई, मल हक मर.