मनातली गाडी

सोमवार, ३ मार्च

नव्या सर्व्हेत सहा स्पोर्ट्स कार माझ्या गळ्यात पडल्या. मला साधी सायकल धड येत नाही! साहेब म्हणाले, "गाड्या तुम्हाला कळायची गरजच नाही. लोकांच्या डोक्यात काय आहे ते बाहेर काढा."

त्यासाठी ते नवं सॉफ्टवेअर. पडद्यावर तीन गाड्या येतात. समोरच्याला विचारायचं — यातल्या कुठल्या दोन सारख्या, आणि तिसरी कशात वेगळी? तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत टाइप करायचं. त्याचं उलट टोकही त्यालाच विचारायचं. मग प्रत्येक गाडीला त्या ओळीवर एक ते पाचमधला आकडा, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला पाच. सहा झाल्या की सातवी — कुणीच न बनवलेली, त्याला हवी तशी. तिला आम्ही "मनातली गाडी" म्हणतो. बाजारातली कुठली गाडी मनातलीच्या जवळ जाते, ते शेवटी सॉफ्टवेअर सांगतं.

साहेबांची एकच ताकीद, तीही तीनदा दिली. "तीन आला की थांबायचं. 'मधलं' म्हणायचंय की 'सांगता येत नाही' म्हणायचंय, ते विचारायचं. न विचारलेला तीन म्हणजे कचरा."

मला सांगतायत! माझ्या घरी अख्खा माणूस तीन आहे.

मंगळवार, ४ मार्च

बदलीचं ह्याला पुन्हा विचारलं. तिकडे दुसऱ्या शहरात शाखा उघडतेय, तिथली प्रमुख म्हणून मला पाठवायचं म्हणतायत. निदान दोन वर्षं. साहेबांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय.

"मग जाऊ?"

"चालेल की."

आमटीत मीठ नाही — चालेल. नळ गळतोय — चालेल. बायको दोन वर्षं जातेय — चालेल.

हा गाडी शिकवतो. दिवसभर कुणातरी घाबरटाच्या शेजारी, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून बसतो. पूर्वी घरी आला की तोंडाचा पट्टा सुरू. पडद्यांच्या रंगावरून माझ्याशी आठवडाभर भांडला होता हा माणूस. मुलगी हॉस्पिटलमधून घरी आली नाही, त्यानंतर हे "चालेल" सुरू झालं. तिची खुर्ची त्याने आधीच आमच्या गाडीत मागे बसवून ठेवली होती. पट्टा ओढओढून बघायचा, ढिला तर नाही ना. ती खुर्ची अजून तिथेच आहे. त्याला ती दिसत तरी असेल का, कुणास ठाऊक.

मी त्या गाडीत बसत नाही. बसने जाते. का, ते त्याने कधी विचारलं नाही.

बुधवार, ५ मार्च

आज दोन जणांचे तक्ते झाले. दातांचे डॉक्टर म्हणाले, पिवळी आणि काळी सारख्या. कशात? "दोन्ही बायकोला न विचारता घ्यायच्या." उलट टोक? "बायकोने घेऊ दिलेली." निमूट टाइप केलं. हसायचं नाही, मान हलवायची नाही, हेही नियमात आहे.

दुपारी एक निवृत्त शिक्षिका. लाल आणि पांढरीकडे बराच वेळ बघत होत्या. "लाल ऐकवते, पांढरी ऐकून घेते." बाईंनी आयुष्यात स्पोर्ट्स कारला हात लावलेला नाही. पण मनातल्या गाडीला "ऐकून घेते"वर पाच दिले, आणि रुमाल काढून चष्मा पुसत बसल्या.

ह्या कामात माणसं फार पटकन उघडी पडतात. गाडीबद्दल बोलतोय असं वाटतं ना त्यांना, म्हणून.

उद्याचा माणूस येत नाही असा फोन आला.

गुरुवार, ६ मार्च

घरच्यांना बसवायचं नाही असा नियम. पण रिकामी जागा भरायची होती, आणि ह्याला गाड्यांचं वेड. संध्याकाळी चहा झाल्यावर लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.

देवा, किती बोलला! "ही वळणावर हातात राहते, ही हातातून सुटते." "हिचा आवाज इंजिनाचा, हिचा स्पीकरमधला, फसवणूक नुसती." एक, पाच, एक, पाच. टेबलावर बोट आपटून आकडे सांगत होता. मध्ये कुठेच नाही! मी टाइप करत होते आणि आतल्या आत रडत होते. म्हणजे ह्याला आवडतं-नावडतं अजून आहे. ते फक्त माझ्या वाट्याला येत नाही.

मग लाल, काळी आणि हिरवी आल्या.

"हिरवी वेगळी," तो म्हणाला.

"कशात?"

"बाकीच्या दोन सीटच्या. हिला मागे दोन आहेत. नावाला. मोठ्या माणसाचे गुडघे मावायचे नाहीत. लहान मूल बसेल."

टाइप केलं — मागे लहान मूल बसेल. उलट टोक विचारलं.

तो म्हणाला, "मागे बघायला काही नाही."

पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "यातलं तुम्हाला कुठलं हवं, आणि का?" सवयीने नवऱ्याला "तुम्हाला" म्हणून गेले.

"मूल बसेल ते. पाच." पडद्याकडेच बघत होता. "रोज आरशात खुर्ची दिसते. वळताना दिसते, सिग्नलला दिसते. पोरांना शिकवतो, आरसा बघत राहा. आणि मी..." वाक्य तिथेच सोडलं. "पुढचं घे."

माझे हात कीबोर्डवर होते. त्याच्या हातावर ठेवायला हवे होते. मी पुढचं घेतलं.

शेवटची ओळ त्याचीच — एकट्याने चालवायची ती एक, शेजारी कुणीतरी हवं अशी ती पाच. लाल एक. काळी एक. पांढरी पाच. सगळ्या धडाधड.

"मनातली गाडी?"

इथे अडला. कप उचलला, रिकामाच होता, खाली ठेवला.

"तीन."

अख्ख्या तक्त्यात एकच तीन. मी तो भरला आणि लॅपटॉप मिटला.

मागे ती हवी. त्यावर पाच. शेजारी मी असले काय, नसले काय — चालेल.

शुक्रवार, ७ मार्च

होकार दिला. साहेब खूश. जेवणाच्या सुट्टीच्या आत वर कळवलंसुद्धा, आणि माझी जागा पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना दिली. त्यांनी संध्याकाळीच माझ्या खिडकीत आपली कुंडी आणून ठेवली. मंगळवारी निघायचं.

ताईला फोन केला. "अगं, त्याला नीट विचारलंस का?" म्हणाली. विचारून विचारून जीभ झिजली माझी, म्हटलं. मग फोनवरच हुंदका आला. ताई पण रडली. आम्हा बहिणींचं एवढं जमतं.

ह्याला सांगायला गेले तर हा नळाखाली आडवा, हातात पाना. आजच बरा मुहूर्त सापडला नळ दुरुस्त करायला!

शनिवार, ८ मार्च

आजही सांगितलं नाही. नळ गळायचा थांबला.

रविवार, ९ मार्च

ताईकडे जायचं होतं, बस आली नाही. हा गाडी घेऊन थांब्यावर आला, दार उघडून नुसता थांबला. मी बसले. पुढे, त्याच्या शेजारी. मागे वळून खुर्चीकडे पाहिलं. पट्टा नीट लावलेला होता.

त्याने गाडी सुरूच केली नाही. म्हणाला, "परवा तू मनातल्या गाडीचं विचारलंस. पाच म्हणणार होतो. पण तुला ह्या गाडीत बसवत नाही, माहितीये मला. हट्ट कसा करू? काय सांगावं कळेना, म्हणून तीन म्हटलं."

मग समोर बघून, "आता पाच कर ते. आणि जाऊ नकोस. मला नाही चालणार."

गावभर विचारत फिरते मी, तीन म्हणजे काय हो. घरी नाही विचारलं.

मंगळवारचं तिकीट पर्समध्ये होतं. पर्स मांडीवर. त्याने माझा पट्टा ओढून पाहिला, ढिला तर नाही ना.