तू हो पुढे, मी आलोच

१२ ऑक्टोबर, रविवार

काकांना मागे टाकून आले मी आज.

लिहून टाकलं एकदाचं. आता बाकीचं.

नेहमीसारखंच निघालो — हॅरोहून लंडन ट्यूबची मेट्रोपॉलिटन लाइन, सायकली दारापाशी धरून उभे, ॲमरशॅमला उतरलो. कमलाकरकाकांचं वय एकोणसत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. पण रस्ता ठरवणार तेच! आधी ग्रेट मिसेंडनकडे उतरायचं, मग ती भिंतीसारखी टेकडी, टेकडीपलीकडचा चौक, तिथून गोल फिरून परत स्टेशन. त्यांचा नियम एकच — पुढे असेल त्याने चौकात थांबायचं, मागचा दिसल्याशिवाय वळायचं नाही. दोन वर्षांपूर्वी मी इथे नवीन होते तेव्हा प्रत्येक वळणावर माझ्यासाठी उभे असायचे, तोंडात राजगिऱ्याची वडी. सायकलसुद्धा त्यांनीच दिलेली. नीनाची, म्हणजे त्यांच्या मुलीची जुनी. स्वतः चेन बदलून, तेलपाणी करून.

आज मी सकाळपासूनच वैतागले होते. काकांना प्रत्येक गावाच्या पाटीचा फोटो हवा! लिटल अमुक, ग्रेट तमुक. बॅटरी संपेपर्यंत फोटो. टेकडीच्या पायथ्याशी दोन फाटे आहेत — सरळ चढ, नाहीतर डावीकडून लांबचा सपाट रस्ता. दोन्ही शेवटी चौकातच मिळतात. तिथे काका उतरले, गुडघा चोळत म्हणाले, "तू हो पुढे, मी आलोच."

याचा अर्थ मला कळत नाही? पाहुणा "नको नको, पोट भरलं" म्हणतो म्हणून कुणी ताट उचलतं का? "तू हो पुढे" म्हणजे "थांब गं जरा". शेंबड्या पोराला कळतं! पण मला सोयीचं होतं म्हणून मी शब्द धरला. ऑफिसातल्या सगळ्यांच्या त्या टेकडीवरच्या वेळा सायकलिंगच्या ॲपवर आहेत आणि मी कायम तळाला. सुटलेच.

माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ! आणि वर पोचले तर पाऊस. थांबले. दहा मिनिटं म्हणते, पाच असतील. काका दिसेनात. कंटाळून परत स्टेशनला गेले असतील, अशी मनाची समजूत घातली. चौकापर्यंत गेलेच नाही, उजवीकडच्या उताराने थेट ॲमरशॅम. मेसेज टाकावा म्हटलं, पण बोटं गारठली होती. घरी जाऊन टाकू. घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ केली.

अंधार पडताना आशाकाकूंचा फोन. "देविका, हे तुझ्याबरोबरच आहेत ना गं? यांचा फोन लागत नाहीये."

आणि माझ्या तोंडून — "हो काकू, बरोबरच आहोत. ट्रेन लेट आहे."

अरे बाप्पा! टॉवेल गुंडाळून स्वतःच्या घरात उभी होते मी!

मग काकांना फोनवर फोन. बंद. पोलिसांना कळवावं तर काकूंशी बोललेलं खोटं उघडं पडणार. म्हणून नाही कळवलं. ही माझी लायकी. सोफ्यावर बसून राहिले नुसती. शेवटी काकूंचा मेसेज आला. "आले हे. चिंब भिजलेत. तूही डोकं पूस गं बाळा. थँक्यू."

१३ ऑक्टोबर, सोमवार

काकांचा फोन नाही. माझाही नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज ऑफिस, ब्रॅकनेल. परीक्षितने भर किचनमध्ये टाळ्या वाजवल्या. "काय देविका, टेकडी मारलीस की!" सगळ्यांनी ॲपवर अंगठे दिलेत. मी हसले. हसले! मग टॉयलेटमध्ये जाऊन ती राइडच डिलीट केली. त्याने काय होतं? काही नाही. काका असल्या ॲपच्या नादाला लागतही नाहीत.

काकूंचा मेसेज. काकांना ताप आहे, छाती भरलीये.

१८ ऑक्टोबर, शनिवार

न्यूमोनिया. परवापासून हॉस्पिटलात.

गेले होते. पाय ओढत गेले, पण गेले. काकू मला बघून उठल्याच, गालावरून हात फिरवला. "तू होतीस म्हणून धडपणे घरी आले गं. नाहीतर त्या रानात कुठे पडले असते, देव जाणे." मी चपलांकडे बघत राहिले. नीना आलीये ब्रिस्टलहून. ती म्हणाली, "बाबा काहीच नाही बोलत काय झाला. बट यू वेअर देअर ना, म्हणून मला टेन्शन नाही आला." तिचीच सायकल मी चालवते!

काकांच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बरोबरच आहे. त्यांना माहितीये ना मी नव्हते ते. मग काकूंना का सांगत नाहीत? सांगून टाका हो काका! मला एवढी सभ्यता सोसत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

काका काल घरी आले. आज दारात काकू, हातात डबा. "यंदा घरी काही केलं नाही गं, सगळं ईलिंग रोडच्या दुकानातलं आहे. पण तुझ्यापुरते अनारसे केले तेवढे."

नवरा खोकतोय, आणि ही बाई माझ्यासाठी अनारसे तळतेय! दारातच सांगणार होते. "काकू —" एवढं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "बोल ना." मी म्हणाले, "जाळी काय सुंदर पडलीये."

घशाखाली उतरणार नाहीत असं वाटलं होतं. तीन खाल्ले.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

सगळ्यांना शुभेच्छा पाठवल्या. काकांना सोडून.

२५ ऑक्टोबर, शनिवार

एकटीच गेले सायकल घेऊन. का ते माहीत नाही. गुन्हेगार जागेवर परत येतो म्हणतात, तसंच काहीतरी.

टेकडी चढले, कुठेही वेळ न बघता. या खेपेला चौकापर्यंत गेले. पांढरी पाटी, चार दिशांना चार गावं. कोपऱ्यावर एका घराबाहेर अंडी विकायला ठेवलेली, शेजारी पैशांचा डबा, माणूस कोणी नाही. मी उभीच होते तेवढ्यात एक बाई अंड्यांची नवी खोकी घेऊन बाहेर आली. माझ्या जॅकेटकडे बघून थांबली.

"पिवळं जॅकेट! म्हणजे सापडलीस तू?"

मला काही कळेना. मग तिनेच सांगितलं — मागे एका रविवारी एक म्हातारे इंडियन गृहस्थ इथे पावसात उभे होते. तिने आत बोलावलं तर आले नाहीत. म्हणाले, पिवळ्या जॅकेटमधली मुलगी यायचीये, मी आत गेलो तर तिची चुकामूक होईल. मग सायकल इथेच टेकवून टेकडी चालत उतरले, चालत चढले. कडेच्या झाडीत वाकून वाकून बघत होते. तू पडलीबिडली असशील असं वाटलं त्यांना.

"काळजी वाटत होती मला," बाई म्हणाली, "बरं झालं सापडलीस."

"हो, सापडले," मी म्हणाले.

मी गेल्यावर चढून आले असणार. आणि नियमाप्रमाणे थांबले. मागचा दिसल्याशिवाय वळायचं नाही! मी अंघोळ करत होते तेव्हा ते मला झुडपांत शोधत होते. त्यांच्या छातीत पाणी झालं ते माझ्यामुळे. पाऊस वगैरे सगळं बहाणा.

पूर्ण ट्रेनभर रडले. समोरच्या मुलाने टिश्यू दिला.

उद्या सांगायचं. दोघांनाही, समोरासमोर. जोडे मारले तरी चालतील. सायकल परत करायची. ठरलं म्हणजे ठरलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज घड्याळं एक तास मागे. दारात तो अख्खा तास रेंगाळले आणि मग बेल दाबली.

काकू आत चहा टाकत होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनीच माझा हात धरला. आवाज अजून बसलेला. "पोरी, त्या दिवशी मी तुला फसवलं. मागून येतो म्हणालो आणि खालच्या सपाट रस्त्याने चौकात गेलो. गुडघा उचलेना, तुला सांगायची लाज वाटली. तू बिचारी वर पावसात माझी वाट बघत बसली असशील! आणि वर आशाला सांगितलंस बरोबर आहोत म्हणून. मला सांभाळून घेतलंस. तेव्हापासून तुझ्याकडे बघायचा धीर होत नाही गं. माफ कर मला."

डोळे भरले होते त्यांचे. काकू ट्रे घेऊन दारात आल्या.

मी म्हणाले, "असू दे हो काका. झालं गेलं."