चढण्याजोगं खिंडार

९ ऑगस्ट १६४१, बेरलांकूर

आज पुन्हा भांडण. हे सकाळी तटावरून आले, बूट न काढताच बसले आणि म्हणाले, "अजून नाही." एवढंच! पश्चिमेचा तट कधीपासून फ्रेंचांच्या तोफा खातोय, माडीवरून आरपार पलीकडचे गहू दिसतात, आणि ह्यांचं आपलं अजून नाही.

नियम मला पाठ आहे. किल्लेदाराची बायको आहे मी, लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. खिंडार पडायच्या आधी किल्ला दिला तर आपलेच लोक किल्लेदाराचं डोकं उडवतात. खिंडार पडूनही दिला नाही आणि शत्रू चढून आत आला, तर मग गावात कुणालाच अभय नाही — बायका नाहीत, पोरं नाहीत. मधे थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात नगारा वाजवून बोलणी करायची आणि निशाणं फडकवत, अब्रूने बाहेर पडायचं. ती वेळ ओळखणं म्हणजेच म्हणे किल्लेदारी.

इकडे माझ्या ईझाबोला नववा लागलाय. लेकीला घेऊन कुठे पळू मी?

१० ऑगस्ट

फ्रेंच सरदाराने माझ्यासाठी खरबुजं पाठवली! कर्णेवाल्याबरोबर, वाजतगाजत. वर निरोप — बाईसाहेबांची निजायची खोली कुठली ते कळवावं, तिकडे तोफ डागणार नाही. ह्यांना केवढं कौतुक. म्हणे सभ्य माणूस आहे. मी म्हटलं, मग गावातल्या सगळ्याच खोल्या कळवून टाका. हसले नाहीत.

खरबूज गोड निघालं. राग आला तो त्याचाच.

११ ऑगस्ट

खिंडाराची परीक्षा ठरलेली आहे. दोन्ही हातांत हत्यार घेऊन, हात न टेकता ढिगारा चढता आला की खिंडार झालं. नाही तर नाही. ह्यांचा हट्ट, की ती परीक्षा किल्लेदाराने स्वतःच करायची. आज तिबोने मला सांगितलं — तिबो आमचा नगारेवाला, ह्यांच्याबरोबरच म्हातारा झालेला — की हे रोज पहाटे धुक्यात खाली उतरतात आणि वर येताना हात टेकतात. गुडघा! घरातला जिना कठडा धरल्याशिवाय चढत नाहीत, ते तट चढून बघतायत! म्हणजे ह्यांचा गुडघा दुखतो म्हणून सगळं गाव मरणार.

जेवताना म्हटलं, कुणा तरण्या माणसाला चढवून बघा. लालबुंद झाले. किल्लेदाराचं काम किल्लेदारच करतो म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले. उठताना टेबलाला धरूनच उठले.

१२ ऑगस्ट

बसवत नाही. पेरीन भांडी घासता घासता म्हणाली, "बाईसाहेब, फेऱ्या मारून फरशी झिजवाल." झिजवीन! माझीच फरशी आहे.

१४ ऑगस्ट

हातांवरचं रक्त धुऊन लिहायला बसलेय.

सकाळी खंदकात चकमक झाली. मग दोन्हीकडून युद्धबंदी, जखमी आणि मेलेले उचलण्यापुरती. ह्या वेळात एकमेकांचा तट, मोर्चे निरखायचे नाहीत, असं वचन देतात. ह्यांनी ते फ्रेंचांच्या माणसासमोर छातीवर हात ठेवून दिलं. मग आम्ही बायका खाली उतरलो. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी सार्जंट कोलार पडला होता, मांडी फुटलेली, आईला हाका मारत होता. पेरीनने खांदे धरले, मी पाय. वर आलो. त्याला खाली ठेवला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं — दोघींचे हात भरलेले होते, कुठेच टेकले नव्हते. ह्या वयात, घागरा पायांत येत असताना, चढले की मी!

मान वर केली तर समोर हे उभे. सगळं पाहिलेलं. चेहरा पांढराफटक.

"बोलू नकोस," म्हणाले. "ह्या वेळात पाहिलेलं पाहिलं असं नसतं."

"अहो, मी चढले ना!"

"तू जखमी आणलास. तेवढंच."

१५ ऑगस्ट

माउलीचा सण. हे चर्चला आले नाहीत. दुपारपर्यंत गुडघा धरून बसले होते. मग तिबोला हाक मारली आणि तटावर जायला सांगितलं.

नगारा वाजला. मी पिठाच्या हातांनीच तोंड झाकून रडले.

१७ ऑगस्ट

बाहेर पडलो. मानाने! नगारे वाजत होते, निशाणं उघडी, बंदुकांच्या वाती पेटत्या, आणि आम्ही अजून लढू शकतो हे दाखवायला प्रत्येक शिपायाच्या तोंडात गोळी — दाढ सुजल्यासारखे गाल सगळ्यांचे. फ्रेंच सरदाराने टोपी काढली. गावात एक घर जळलं नाही, एका बाईला हात लागला नाही. ईझाबोला गाडीतच कळा सुरू झाल्या, संध्याकाळी कुंपणाच्या आडोशाला मुलगी झाली. हे तिला बघून म्हणाले, "नाक माझ्यावर गेलंय, बिचारी." कितीतरी दिवसांनी हसलो आम्ही.

२ ऑक्टोबर, ब्रुसेल्स

आमच्याच सरकारने ह्यांच्यावर खटला भरलाय. मदतीची फौज एका मजलेवर आली होती म्हणे, आणि ह्यांनी घाईने किल्ला दिला. आम्हाला काय स्वप्न पडणार होतं? वकील म्हणतो, हात न टेकता खिंडार चढलेलं एक माणूस उभं करा, शपथेवर सांगू दे, सुटका होईल. मी म्हटलं, मी! तो लगेच लिहायला बसला.

हे म्हणाले, "नाही. तेव्हा युद्धबंदी होती."

मग मला राहवलं नाही. नाही नाही ते बोलले. खड्ड्यात गेलं तुमचं वचन, डोकं जाईल, कळतंय का? ह्यांनी मला ओरडू दिलं. मग म्हणाले, "जखमी उचलायच्या निमित्ताने आम्ही खिंडार तपासलं असं चारचौघांत झालं, तर पुढे कुठला शत्रू जखमी उचलू देईल ग?"

मला आईला हाका मारणारा कोलार आठवला. अजूनही तोच दिसतोय, आणि ह्याचाच संताप होतोय.

९ ऑक्टोबर

कोर्टाने विचारलं, खिंडार कोण चढलं? हे म्हणाले, "मी चढलो." न्यायाधीशांसमोर येताना गुडघ्यामुळे दोघा शिपायांनी धरून आणलं होतं ह्यांना. कोण विश्वास ठेवणार?

डोकं उडवायची शिक्षा. परवा सकाळी, बाजारचौकात.

मी ऐकणार नाही ह्यांचं. उद्या मुख्य न्यायाधीशांच्या घरी जाते आणि सगळं सांगते.

११ ऑक्टोबर

हे गेले.

काल न्यायाधीशांनी मला आत बोलावून बसवलं होतं. काय सांगायचंय, म्हणून दोनदा विचारलं. मी काही बोलले नाही.