बरण्या कोण उघडायचं

ड्रीमा,

तुझ्या आईचं लग्न झालं त्या वर्षी माझे सांधे धरले, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. आता त्या लागू पडत नाहीत म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. विमा कंपनीने मंजुरी अडवली आहे, आणि ती माझ्याच बोलण्याने अडली.

त्यांच्या बाईने फोनवर विचारलं, "कशा आहात?"

"मजेत गं बाई, तक्रार नाही." आपल्या डोंगरात परक्या माणसाला दुसरं काय सांगतात?

"बटणं लागतात? बरण्या उघडतात?"

"उघडतात की!"

तिने लिहून टाकलं, जुन्या गोळ्यांनी बरं आहे.

आज शेजारच्या एस्टाच्या गाडीतून चार्ल्स्टनला डॉक्टरांकडे जातेय, ते कंपनीला पुन्हा लिहून देणार आहेत. मक्याचा पाव कढईत आहे. लोणच्याची बरणी तूच उघड, आणि माझ्यासाठी झाकण सैलच ठेव.

कंपनीचा फोन आला तर तू घे. बटणं तुझे आजोबा लावायचे, बरण्याही तेच उघडायचे, हे तिला सांग. पुढचं माझ्या तोंडून निघत नाही, तेही तूच सांग. माझे हार्लेस नऊ मार्चला वारले.