अकरा देश आणि एक जिना

शुक्रवार, ६ जून. संध्याकाळी ७.
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात.

परिस्थिती अशी. स्टुटगार्टचं प्रोजेक्ट ३० सप्टेंबरला संपतं. काल पुण्याहून टिळेकर साहेबांचा फोन, अजून दोन वर्षं राहता का? मी एका पायावर तयार. ऋजुता नाही. पुण्यात तिची फिजिओथेरपीची छान नोकरी, बिनपगारी रजा टाकून आलीय. म्हणते, इथे मी दिवसभर भिंतींशी बोलते, तू राहा खुशाल, मी जाते परत. लग्नाला सव्वा वर्ष झालंय आमच्या. मी घाबरलोच. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

उत्तर १२ सप्टेंबरपर्यंत द्यायचंय. म्हणजे हातात चौदा वीकेंड. उपाय सोपा आहे: चौदा वीकेंडांत अकरा देश. एवढा युरोप पाहिल्यावर कोण परत जाईल? एक्सेल शीट तयार केली, तीन रंगांत. ऋजुताला दाखवली. म्हणाली, यात जेवायचं कधी?
जेवणाचा कॉलम उद्या टाकतो.

शनिवार, ७ जून. परतीच्या गाडीत.
गजर ४.५०. स्ट्रासबुर्ग. फ्रान्स झाला. कॅथीड्रल बाहेरून अकरा मिनिटांत उरकलं, आत रांग होती आणि आम्हाला कोलमारची गाडी गाठायची होती. ऋजुताला कालव्याकाठी बसून कॉफी प्यायची होती. तिला समजावलं, कॉफी काय घरीही होते.
परतताना गप्प आहे. भारावली असणार.

रविवार, ८ जून.
दाराच्या कडीला पाटी लटकलीय: केअरवोखे. समोरच्या फ्राऊ बॉयर्लेबाईंनी लावली. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, नजर घारीची. पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी त्याची. शनिवारपर्यंत झालं पाहिजे, मग पाटी समोरच्या दारावर. मजल्यावर बिऱ्हाडं दोनच, म्हणजे आठवड्याआड आम्ही.
मार्चपासून ऋजुताच करत होती म्हणे. मला वाटायचं, इथले जिने मुळातच स्वच्छ असतात.
या वेळी मी करणार. मंगळवारी.

मंगळवार, १० जून.
गुरुवारी. निवांतपणे, नीट.

शनिवार, १४ जून. वाडुझ, बसस्टॉप.
एका दिवसात दोन देश! झ्युरिकला तळं पाहिलं (चालता चालता), मग लिखटेनस्टाइन, चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत जवळजवळ सगळा देश होतो. ऋजुताचा फोटो काढला, त्यात तिचे डोळे मिटलेत. समाधानाने माणूस डोळे मिटतोच.
तिने बॅगेतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. खाऊ दिल्या नाहीत, बस येत होती. बस वीस मिनिटं आली नाही. ऋजुता पुऱ्या मांडीवर घेऊन बसून राहिली. मोठ्या मनाची आहे.

रविवार, १५ जून.
जिना राहिला. बॉयर्लेबाई दारातच भेटल्या. मी अस्खलित जर्मनमध्ये सांगितलं, आम्ही स्वित्झर्लंडला गेलो होतो. त्या म्हणाल्या, स्वित्झर्लंड तुमच्याशिवायही स्वच्छ असतं, जिन्याचं तसं नाही. ऋजुता मागे उभी राहून हसत होती. जर्मन येत नाही म्हणते आणि नेमकं हेच कसं कळतं हिला?

गुरुवार, २६ जून.
पुन्हा आमची पाळी. मी स्वतः झाडला! सहा मिनिटांत. कचरा पायपुसण्याखाली सारला, तिथे कोण बघतंय?

शुक्रवार, २७ जून.
बॉयर्लेबाई बघतात.

शनिवार, १२ जुलै. पहाटे ५.
प्रागची बस ५.४०ची. आठवडा आमचा, जिना झाडलेला नाही. पण डोकं चाललं. पाटी हळूच काढून बाईंच्या दाराला अडकवली. पाटी गेली म्हणजे पाळी गेली. आजवर इथे कुणालाच कसं सुचलं नाही?

रविवार, १३ जुलै. संध्याकाळी ७.
प्राग उत्तम. देश चार. पूल पाहिला, गर्दीमुळे पलीकडे जाता आलं नाही, पण पूल इकडूनही तोच दिसतो.

घरी आलो तर पाटी परत आमच्या दाराला. खाली झाडू, बादली आणि धुऊन वाळवून घडी केलेलं फडकं. ऋजुता लालेलाल झाली. म्हणाली, श्रीरंग, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या दाराला तू पाटी लावून आलास? लाज कशी वाटली नाही तुला? तिने लगेच झाडू उचलला, तर बाई म्हणाल्या, आज नको, रविवार आहे, रविवारी नाही झाडायचं.
म्हणजे केलं तरी पंचाईत, नाही केलं तरी पंचाईत. असल्या देशात अजून दोन वर्षं राहायची माझी तयारी आहे, याचं कुणाला कौतुक नाही.

मंगळवार, १५ जुलै.
ऋजुताने काल जिना केला. कठड्यासकट. बाई कठडा धरून, अंग तिरकं करून एकेक पायरी उतरत होत्या, ते हिला बघवेना. तिथेच पायरीवर बसवून गुडघ्याचे व्यायाम दाखवले. तासभर चाललं. हिचं जर्मन माझ्यापेक्षा कच्चं, तरी दोघी तासभर काय बोलल्या देव जाणे. असो, तिचा वेळ जातोय, तेवढंच बरं.
वीकेंडला ब्रेगेंझ. ऑस्ट्रिया पटकन होऊन जाईल.

शनिवार, ९ ऑगस्ट. ब्रसेल्स स्टेशन.
ऑस्ट्रिया धरून सहा. आता लक्झेंबर्गची गाडी, की सात.

ऋजुता बाकावर बसून रडली. ऊन फार आहे. पाणी दिलं, टोपी दिली. म्हणाली, ऊन नाही रे, मला एकही गाव आठवत नाही, नुसते प्लॅटफॉर्म आठवतात. तुझ्याशी नीट बोलून महिना झाला, गाडी आली, गाडी गेली, एवढंच बोलतोस.
मुद्दा बरोबर आहे. फोटोंवर गावांची नावं टाकायला हवी होती. घरी गेल्यावर टाकतो.

रविवार, १० ऑगस्ट.
लक्झेंबर्ग झालं नाही. ऋजुता म्हणाली, घरी. त्या आवाजात म्हणाली. आलो.

मंगळवार, १९ ऑगस्ट.
चोवीस दिवस उरलेत. आता मोठा हल्ला: ल्युब्लियाना, शुक्रवार ते रविवार. नदी, किल्ला, ड्रॅगनचा पूल, सगळं आहे. ऋजुता म्हणाली, मी येत नाही; आठवडा आपला आहे, शिवाय बॉयर्लेबाई आलुबुखाराचा केक शिकवणारेत, मी त्यांना पुऱ्या शिकवणारेय. मी म्हटलं, स्लोव्हेनिया की केक? तिने क्षणभरसुद्धा विचार केला नाही.
ठीक आहे. एकटा जातो. फोटो बघून झुरेल, मग कळेल.

शनिवार, २३ ऑगस्ट. ल्युब्लियाना. दुपारी ३.
पाऊस. किल्ला ढगात. सकाळी शीटप्रमाणे नऊ ठिकाणं होती, साडेअकराला संपली. कुणाच्या मागे घाई करायची नसेल तर फार लवकर संपतं सगळं.

नदीकाठी कॉफी घेऊन बसलोय. अडीच तास. पलीकडच्या टेबलावर एक जोडपं कधीचं बसलंय, नकाशा नाही, काही नाही, नुसतं बोलतायत. मला बोलायला कुणी नाही. वेटरशी हवेबद्दल बोललो. तो कंटाळला.

ऋजुताला व्हिडिओ कॉल केला. जिना ओला चकचकीत, बाई खुर्चीत, मांडीवर पुरीची ताटली, दोघी खोखो हसतायत. मला वाटलं मलाच हसतायत. विचारलं, कशाला हसताय? म्हणाली, तुला नाही रे, बाईंनी पुरी फुगताना बघितली आणि घाबरून मागे सरल्या. मग म्हणाली, बरं आता ठेवते, तेल तापलंय.
करमत नाहीये. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. अजिबात करमत नाहीये.

रविवार, २४ ऑगस्ट. बसमध्ये.
पावसामुळे सर्दी. डोळ्यांतून पाणी येतंय ते त्यामुळेच. देश सात.

शनिवार, ६ सप्टेंबर.
वीकेंड घरी. गुडघा दुखतोय असं मी सांगितलं. ऋजुताने दाबून पाहिलं आणि म्हणाली, काहीही झालेलं नाही तुला. मग जिना आम्ही दोघांनी केला. ती वरून, मी खालून. मधल्या वळणावर भेटलो आणि तिथेच बादलीशेजारी बसून गप्पा मारल्या. दीड तास. कशावर, आठवत नाही.
बॉयर्लेबाई धडाधडा जिना उतरून गेल्या. सरळ, अंग तिरकं न करता. मला म्हणाल्या, कोपरे राहिलेत.

गुरुवार, ११ सप्टेंबर. संध्याकाळी ६.
हरलो. सात देश, चार बाकी, वीकेंड शून्य. टिळेकर साहेबांना मेल लिहिली: आम्ही दोघंही परत येतोय. दोघंही. ती नसली तर इथे दोन वर्षं करायचं काय मी? कॉफी प्यायची? लिहून तयार आहे. तिला विचारून मग पाठवतो.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. सकाळी ९.
मेल पाठवली नाही.

काल ऋजुताला वाचून दाखवली. तिने ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, अरे पण मला राहायचंय. बॉयर्लेबाई गुडघ्यासाठी जिथे जात होत्या, तिथल्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी पायऱ्या उतरून दाखवल्या म्हणे, आणि सांगितलं, हे समोरच्या पोरीने केलं. त्या डॉक्टरीणबाई हिला सोमवारपासून दवाखान्यात काम नुसतं बघायला बसू देणारेत. भाषेचा क्लास, परीक्षा, कागदपत्रं, दीड-दोन वर्षं लागतील, पण इथे काम मिळू शकतं. दोन वर्षं बरोब्बर पुरतात, म्हणाली.

आनंदाच्या भरात तिला उचलणारच होतो, पण खरंच गुडघ्यात कळ आली. बसलो. म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हतो? युरोपने जादू केली की नाही! आता खरं सांग, नेमक्या कुठल्या ट्रिपने तुझं मन वळलं?

तिने मान वाकडी करून नीट विचार केला. अगदी प्रामाणिकपणे. म्हणाली, ल्युब्लियानाच्या.
मी म्हटलं, अगं, तू आलीच नव्हतीस!
म्हणाली, हो ना.

म्हणजे शेवटी ट्रिपच कामाला आली.