फळीवरची भांडी

बुधवार, संध्याकाळ

खडीची खाण वाढवायला गावाचा विरोध आहे, तो सांगायला आज सगळे शाळेत जमलो. वडगावहून आलेल्या साहेबांनी सासूबाईंना विचारलं, सुरुंगांचा त्रास होतो का? त्या म्हणाल्या, "न्हाई. भोंगा झाला की आमी फळीवरची भांडी खाली काढतो." साहेबांनी लिहून घेतलं, त्रास नाही.

मी शेजारीच बसले होते. का बोलले नाही? घाबरले म्हणून नाही. मलाही ते खरंच वाटलं, तेच सलतंय. रोज दुपारी भांडी खाली काढायची, मग परत वर. त्यात कसला त्रास?

आत्ता फळी पुसताना आठवलं. लग्नात आलेला काचेच्या पेल्यांचा सेट अजून पलंगाखाली खोक्यातच आहे. माझी थोरली यंदा बारावीला आहे.